उणे चाळीस ग्रॅम मीठ

बावीस नंबरची बरणी काट्यावर ठेवली तेव्हा डॉक्टर तवक्कोलींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. आकडा तोच होता. दोन किलो साठ ग्रॅम.

"नीलाक्षी खानम, आपण मीठ किती दिलं होतं?" त्यांनी विचारलं. खानम म्हणजे तिकडे बाईसाहेब.

"दोन किलो."

"पाच माणसांच्या घराने ते महिनाभर खाल्लं."

"हो."

"आणि साठ ग्रॅम वाढलं."

मी तक्त्यात लिहिलं: वापर, उणे साठ ग्रॅम. तेवीस नंबरच्या घराचा वापर उणे दहा निघाला, चोविसाव्याचा उणे पंच्याऐंशी. संध्याकाळपर्यंत चाळीस बरण्या मोजून झाल्या. त्यातल्या दोन वाटेत फुटलेल्या, एक अर्धवट, आणि उरलेल्या सदतीस दोन किलोच्या आसपास भरलेल्या; त्यांची सरासरी निघाली उणे चाळीस ग्रॅम. डॉक्टर खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांनी तीस वर्षं रक्तदाबाचा अभ्यास केला होता, पण मीठ पिकवणारं गाव त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. मूळची मिरजेची, शिक्षणाने संख्याशास्त्रज्ञ. दहा महिन्यांच्या शिष्यवृत्तीवर शिराजला गेले होते, डॉक्टर तवक्कोलींच्या हाताखाली. शिराजपासून तीन तासांवर डोंगरात दर्रे-गर्दू नावाचं गाव आहे, म्हणजे अक्रोडांची दरी. तिथल्या चाळीस घरांना आम्ही कमी सोडियमचं मीठ देणार होतो, महिनाभर त्यांनी तेवढंच खायचं आणि रक्तदाब उतरतो का ते आम्ही पाहायचं. प्रत्येक घराला नंबर घातलेली, झाकणाची, चिनी मातीची एक मोठी बरणी दिली. महिन्याने बरणी परत घ्यायची आणि उरलेलं मीठ मोजायचं, की किती खाल्लं ते कळलं. इतकं सोपं काम होतं.

ते सोपं राहावं म्हणून मी नियमावली लिहिली होती. तिच्यात एकोणीस नियम होते आणि मला त्यांचा फार अभिमान होता. नियम चार असा, की बरण्या वाटणाऱ्या आणि गोळा करणाऱ्या व्यक्तीला वजनाबद्दल काही सांगू नये, नाहीतर ती लोकांना सावध करते आणि आकडे बिघडतात. नियम सात असा, की परत आलेली बरणी उघडू नये, नुसती चिकटपट्टी लावून पाठवावी, कारण उघडली की हवेतली ओल आत शिरते. डॉक्टरांनी नियमावली वाचून मला विचारलं होतं, इतक्या नियमांत माणसांना कुठे जागा ठेवली आहे. मला ती स्तुती वाटली.

आता माझ्या फारसीबद्दल सांगायला हवं. ती मी वडिलांकडून शिकले. वडील मिरजेला शाळेत शिक्षक होते आणि उरलेला सगळा वेळ जुनी फारसी कागदपत्रं वाचण्यात घालवत. दरबारांची पत्रं, महजर, कौलनामे. मला झोपवताना लोक गोष्टी सांगतात, वडील खलिते वाचून दाखवत. त्यामुळे शिराजच्या विमानतळावर उतरल्यावर मी टॅक्सीवाल्याला जे बोलले ते मराठीत सांगायचं तर असं होतं: सेवेसी विज्ञापना ऐसी जे, या पामरास विद्यापीठी पोहोचवावे. तो माणूस गाडीतून खाली उतरला आणि छातीवर हात ठेवून उभा राहिला. पुढे दहा महिने शिराजमध्ये मला सगळे अतिशय अदबीने वागवत, आणि माझी पाठ वळली की हसत.

गावातलं काम मासूमे खानमकडे होतं. इराणात खेडोपाडी आरोग्यघरं आहेत आणि तिथे त्याच गावची बाई किंवा बुवा शिकवून नेमतात. मासूमे खानम बावीस वर्षं दर्रे-गर्दूचं आरोग्यघर सांभाळत होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चालताना जरा डावीकडे कलणाऱ्या. त्यांच्या भिंतीवर एक मोठा गोल तक्ता होता, त्यात गावात वर्षभरात कोण जन्मलं आणि कोण गेलं हे रंगीत पेन्सिलींनी भरलेलं. बावीस वर्षांचे बावीस तक्ते त्यांनी जपून ठेवले होते. "हे माझं गाव," असं म्हणून त्यांनी पहिल्याच भेटीत मला ते दाखवले.

त्या पहिल्या भेटीला, बरण्या वाटायच्या आदल्या दिवशी, मी रिकाम्या हाताने गेले नव्हते. आईने दिवाळीला कुणाबरोबर तरी शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा पाठवला होता, तो मी तसाच त्यांना दिला. त्यांनी एक शंकरपाळं खाल्लं, मग डबा उचलून खालून पाहिला. बुडावर नाव कोरलेलं होतं, सगळ्या मराठी भांड्यांवर असतं तसं. हे काय लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. आईचं नाव, मी म्हटलं, सौ. कुमुदिनी देवस्थळी, मिरज. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मी म्हटलेलं नाव तोडून तोडून उच्चारलं, कुमूदिनी. डबा त्यांनी काचेच्या कपाटात ठेवला.

आणि दीड महिन्याने त्यांच्याच गावाच्या सदतीस भरलेल्या बरण्या माझ्यासमोर रांगेत उभ्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, ओल असेल. मी दोन तास आकडेमोड करून त्यांना दाखवलं की दर्रे-गर्दूची हवा इतकी कोरडी आहे की मिठाला ओल धरायला वर्ष लागेल. मग ते म्हणाले, एक बरणी उघडून बघू या का? मी नियम सातवर बोट ठेवलं. त्यांनी नियमाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. माझ्या आयुष्यात मी इतक्या निग्रहाने इतका मोठा मूर्खपणा पुन्हा केला नाही.

मग एकच शक्यता उरली. बरण्या वाटल्याच गेल्या नव्हत्या. मासूमे खानमनी त्या आरोग्यघराच्या मागच्या खोलीत ठेवल्या असणार आणि महिन्याने पट्ट्या लावून परत पाठवल्या असणार. चाळीस घरं, सगळी चढणीवर, आणि त्यांचा पाय दुखरा. त्यात आणखी एक गोष्ट होती. त्यांनी पाठवलेल्या नोंदींत सगळ्यांचे रक्तदाब उतरलेले होते. मीठ कुणी खाल्लं नाही आणि रक्तदाब मात्र उतरला. म्हणजे रक्तदाबही घरी बसून लिहिले. मी दोन पानांचं टिपण तयार केलं, आलेखासकट. फार सुंदर टिपण होतं. डॉक्टर म्हणाले, ते अजून कुठे पाठवू नका. पण टिपणाची एक प्रत नियम सोळाप्रमाणे आरोग्य कचेरीला आपोआप गेली होती. नियम सोळाही माझाच.

कचेरीने मासूमे खानमना शनिवारी हजर राहायला सांगितलं. आरोप खरा ठरला तर नोकरी जाणार होती, आणि बावीस तक्ते खोटे समजले जाणार होते. डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, शनिवारच्या आत तुम्ही स्वतः गावात जा, घरोघर विचारा, आणि मग मला सांगा. बुधवारी सकाळी आगा मोराद यांच्या गाडीतून मी निघाले. आगा म्हणजे राव; मोराद हे विभागाचे ड्रायव्हर, साठीचे, आणि त्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असे. वाटेत त्यांनी मला विचारलं की खानम, कशासाठी चाललोय. मी म्हटलं, गोपनीय आहे. ते बराच वेळ मान डोलवत राहिले.

मासूमे खानमनी मला दारातच मिठी मारली. मुली, तुझं पाऊल माझ्या डोळ्यांवर, असं म्हणाल्या. मी कोरडेपणाने सांगितलं की काही घरांत मला एकटीला जायचं आहे. जा ना, त्या म्हणाल्या, फक्त चहा घेऊ नकोस असं कुणाला म्हणू नकोस, वाईट वाटेल.

मी बारा घरांत गेले, आणि बारा घरांत चहा घेतला, बारा घरांत मला सोललेली काकडी मिळाली. प्रत्येक ठिकाणी मी तेच विचारलं. बरणी मिळाली होती का? मिळाली होती, मासूमे खानमनी स्वतः आणून दिली. मीठ वापरलंत? वापरलं, फार छान मीठ, तुमचा हात दुखू नये, असे तिथले आभार. परत करताना त्यात किती उरलं होतं?

इथे प्रत्येक बाई गप्प होई. नजर खाली जाई. कुणी चहाच्या पेल्यात साखरेचा खडा टाके, कुणी म्हणे काकडी घ्या ना, तुम्ही काहीच खाल्लं नाहीत. एका म्हातारीने तर सरळ सांगितलं, "कोण मोजतं, खानम?" आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी असभ्य विचारलं असावं. बारापैकी बारा घरांत तीच शांतता. संख्याशास्त्राच्या माणसाला इतक्या एकमताचा एकच अर्थ कळतो, की सगळ्यांना कुणीतरी पढवलं आहे. तसं मी वहीत टिपून ठेवलं.

फक्त एक घर वेगळं होतं. सतरा नंबरची बरणी निम्म्याहूनही कमी भरलेली आली होती, सहाशे चाळीस ग्रॅम. ते शाळामास्तरांचं घर होतं. मास्तर तेहरानचे, एकटे राहणारे. मला तो आकडा पाहून इतका आनंद झाला होता की मी त्याच्याखाली रेघ मारली होती. अख्ख्या गावात एक प्रामाणिक माणूस. मास्तरांनी मला खुर्ची दिली आणि सांगितलं की हे गाव तसं चांगलं आहे, पण लहरी आहे. बघा ना, बरणी परत केल्या दिवसापासून शेजारीण माझ्याशी बोलत नाही. आधी रोज ताजी रोटी पाठवायची. मी काय केलं, मला ठाऊक नाही. मीही विचार केला आणि ठरवलं की खऱ्या माणसाला खेडेगावात असंच सोसावं लागतं. ते वाक्यही मी वहीत लिहिलं. ती वही मी पुढे जाळली.

रात्री मासूमे खानमनी आंबट पालकाची आमटी आणि भात वाढला. जेवण झाल्यावर मी त्यांच्यासमोर निवेदनाचा कागद ठेवला: मी चाळीस बरण्या चाळीस घरांना स्वतः वाटल्या आणि स्वतः गोळा केल्या. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, सही केली, आणि पेन टोपण लावून मला परत दिलं. काही विचारलं नाही. मला वाटत होतं की त्या चिडतील, रडतील, निदान जाब विचारतील. खऱ्या माणसाला राग येतो, असा माझा सिद्धांत होता. मी तोही लिहून ठेवला आणि झोपले.

गुरुवारी सकाळी निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. हातात निळ्या चौकटीच्या रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. "तुझा डबा," त्या म्हणाल्या. मला ओशाळल्यासारखं झालं. ज्या बाईची नोकरी मी घालवायला निघाले होते, ती माझा डबा आठवणीने परत देत होती. मी घाईघाईने तो मांडीवर घेतला आणि गाडी निघाली.

दुसऱ्या वळणावर डबा घसरला. मी तो सावरला आणि तेव्हा मला त्याचं वजन कळलं. मी गाठ सोडली. झाकण नीट बसलंच नव्हतं, इतका तो भरला होता. अक्रोड, सुके अंजीर, फटींमध्ये बेदाणे दाबून बसवलेले, आणि सगळ्यात वर वाळलेल्या गुलाबाच्या चार पाकळ्या.

आणि मला आमचं मिरजेचं स्वयंपाकघर दिसलं. समोरच्या गोखलेकाकूंची वाटी. त्यांच्याकडून कधीतरी लोणचं आलेलं, वाटी घासून पुसून ओट्यावर ठेवलेली, आणि मी, आठ वर्षांची, ती परत द्यायला निघालेली. आई मागून ओरडते, थांब, तशीच कुठे नेतेस? आणि वाटीत चार चमचे साखर घालते. घरात काही नसलं तरी साखर. साखर नसली तर मीठ. आणि दारात मला बजावून सांगते, काय घातलंय ते काकूंना सांगू नकोस हं, बरं दिसत नाही.

"आगा मोराद," मी म्हटलं, "गाडी वळवा."

त्यांनी एकदाही कारण विचारलं नाही. उलट असं वाटलं की ते दोन वळणं याचीच वाट बघत होते.

मासूमे खानम अंगणात झाडू मारत होत्या. मला परत आलेली पाहून त्यांना वाटलं मी काही विसरले. मी धापा टाकत विचारलं, तेही माझ्या दरबारी फारसीत, कारण घाबरले की मला तीच येते: "खानम, सेवेसी विचारणा ऐसी जे, बरण्या परत करतेवेळी लोकांनी त्यांत काही भरले काय?"

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. मी जणू विचारलं होतं की गावातले लोक घराबाहेर पडताना कपडे घालतात का, अशा नजरेने त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

"मग रिकामी परत देतील?" त्या म्हणाल्या. "पाहुण्यांची बरणी? या गावात?"

"सगळ्यांनी भरली?"

"मास्तर सोडून. त्याला कुणी शिकवलेलं नाही, त्याचा दोष नाही. पंधरा नंबरची मी भरली. त्या घरात त्या दिवशी मीठच नव्हतं, बिचारी रडायला लागली. म्हटलं, रडू नकोस, माझ्या घरातलं घाल." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "हे कुणाला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल."

मी अंगणातच बसले. आधी मला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. त्यांनी पाणी आणून दिलं. बरण्यांचं वजन करणार होतो हे त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.  त्या म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलं? मी म्हटलं असतं, पोरींनो, भरू नका, मोजायचं आहे. मला वाटलं, तुम्हाला फक्त बरण्या परत हव्यात." मी मनातल्या मनात नियम चारवर काट मारली.

दुपारी शिराजला पोचल्या पोचल्या मी आणि डॉक्टरांनी गोदामात बसून नियम सात मोडला. एकोणतीस बरण्यांत साधं बाजारचं मीठ होतं. चारांत घरी कुटलेलं सैंधव. दोनांत मिठावर साखरेचे खडे, नक्षी करून मांडलेले. एकीत तांदूळ. आणि आठ नंबरच्या बरणीत नुसते अक्रोडाचे गर होते, म्हणजे त्या घराने आमचं मीठ संपवलं आणि वजनाचं अनुमान इतकं अचूक केलं की फक्त वीस ग्रॅमचा फरक पडला. डॉक्टरांनी एक गर तोंडात टाकला आणि खूप वेळ चावला. "याचा अर्थ," ते म्हणाले, "त्यांनी मीठ खाल्लं. रक्तदाब खरंच उतरला. बाई खरं लिहीत होती." मग हळूच म्हणाले, "माझी आईसुद्धा भांडं रिकामं देत नाही. मीही शिराजचाच आहे, खानम. मला आठवायला नको होतं का?"

पण टिपण कचेरीत पोचलं होतं, आणि ते कचेरीतून परत येत नाही. शनिवारी मासूमे खानम अंगभर लपेटलेल्या काळ्या चादरीत, मांडीवर बॅग धरून, टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. समोर तीन गंभीर माणसं. बॅगेत काय होतं ते मला नंतर कळलं, त्या बावीस तक्ते घेऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी मला विचारलं, मी बोलू का? मी नाही म्हटलं. टिपण मी लिहिलं होतं.

मी उभी राहिले. स्कार्फ घसरला, तो सावरला. आणि घाबरल्यामुळे तोंडातून तीच फारसी आली, थेट वडिलांच्या खलित्यांमधली.

"साहेबांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, या पामरीने जी तक्रार लिहिली ती सर्वस्वी चुकीची. बरण्या वाटल्या गेल्या. मीठ खाल्ले गेले. लोकांनी रिकामी भांडी न परतवता भरून परतवली. ती रीत माझ्याही घरी आहे, आणि ती मला ठाऊक असूनही मी ती विसरले. खोट मासूमे खानमची नाही, या लेखणीची आहे. शिक्षा व्हावी ती या लेखणीस."

 मधले अधिकारी, दाढीवाले, कागद तोंडासमोर धरून बसले आणि त्यांचे खांदे हलत होते. डावीकडचे मान खाली घालून मिशी कुरवाळत होते. शेवटी मधल्यांनी कागद खाली ठेवला, डोळे पुसले आणि त्याच बखरीच्या थाटात मला उत्तर दिलं: तक्रार रद्द, खानमांस मानाने परत पाठवावे, आणि लेखणीस तूर्त विश्रांती द्यावी. मग साध्या आवाजात मासूमे खानमना विचारलं की आता खरा वापर कसा शोधणार.

त्या पहिल्यांदाच बोलल्या. "सोपं आहे. स्वतः काय घातलं ते बाई सांगणार नाही. पण शेजारणीने काय घातलं ते प्रत्येकीला माहीत असतं. किलो-छटाकासकट." दोन दिवसांत त्यांनी सदतीस घरांचे आकडे आणले, आणि मी ते पडताळले तेव्हा ते माझ्या काट्याशी फार थोडे चुकत होते. अभ्यास वाचला. नंतर बरण्या त्या त्या घरांना देऊन टाकाव्यात, ही एकच अट त्यांनी घातली. ती डॉक्टरांनी ताबडतोब मान्य केली.

कचेरीच्या बाहेर, जिन्यात, मी त्यांना गाठलं. क्षमेचं भाषण मी रात्रभर तयार केलं होतं, साध्या फारसीत. पहिल्या वाक्याला त्यांनी हात वर करून थांबवलं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तू कशासाठी आलीस ते. आगा मोरादने गाडीतून उतरता उतरता सांगितलं. तू काय लिहिलंस तेही, की मी बरण्या वाटल्याच नाहीत."

 बुधवारची मिठी, भात, निमूट केलेली सही, फाटकापर्यंत सोबत. "आणि तरीही तुम्ही डबा भरलात?"

त्यांनी माझा स्कार्फ नीट केला, जसा लहान मुलीचा करतात.

"तू जे लिहिलंस ते तू लिहिलंस," त्या म्हणाल्या. "डब्यावर नाव तुझ्या आईचं आहे."

दहा महिने संपून मी मिरजेला परतले तेव्हा आईने डबा ओळखला, बुडावरचं नाव पाहून खात्री केली आणि तळाशी उरलेला शेवटचा अक्रोड खाल्ला. मी सगळी हकिगत सांगितली. ती सदतीस बरण्यांवर हसली नाही, आलेखावर हसली नाही, लेखणीच्या शिक्षेवरही हसली नाही. तिची नजर माझ्या पिशवीतल्या निळ्या चौकटीच्या रुमालावर होती.

"हा त्यांचा ना?" तिने विचारलं. "आणि तू तो असाच ठेवून घेतलास?"

तिने त्याच संध्याकाळी रुमालात मेतकूट आणि नव्या शंकरपाळ्या बांधल्या आणि माझ्याकडून पत्ता लिहून घेतला. पार्सल पोचलं की नाही ते बरेच दिवस कळलं नाही. दीड वर्षाने डॉक्टर तवक्कोली एका परिषदेला पुण्याला आले, तेव्हा त्यांच्या सामानात मासूमे खानमनी दिलेली एक वस्तू होती. झाकणाची, नंबर घातलेली बरणी. नंबर पंधरा, ज्या घरात त्या दिवशी मीठही नव्हतं. काठोकाठ सुके अंजीर.

दोन किलोच्या वर असावी. मी ती काट्यावर ठेवली नाही.